बिनहाराचं चित्र

प्रिय माय,

काल तुझा तेरावा झाला. पाहुणे गेले आणि मी हे लिहायला बसलो. तू होतीस तेव्हा जालन्याहून केदारखेड्याला चार ओळी धाडायला मला फुरसत नव्हती! आज लिहितोय, कारण काल माझ्या हातून मोठी चूक होणार होती.

तुझ्या फोटोला हार घातला. दुसरा हार अक्काच्या चित्रासाठी आणला होता. इतकी वर्षं ते बिनहाराचंच होतं ना!

आठवतं? तुझी थोरली लेक, माझी अक्का, गोवरानं गेली. तिचा एकही फोटो नव्हता. "दोघांचं तोंड एकच" म्हणत तू मला, पाच वर्षांच्या पोराला, तिचं परकर-पोलकं घालून चाँदभाई पेंटरसमोर बसवलंस. ते सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. त्यांनी डोळे कानापर्यंत नेले, ओठ लालभडक केले, मागं तळं आणि हंस काढले. केदारखेड्यात हंस! मी रडायला लागलो की तू म्हणायचीस, "बराबर बस रे बाबू, हललास तं अक्का बिघडंल."

गल्लीतली पोरं वर्षभर मला 'अक्का' म्हणून चिडवत होती. पण खरं सलायचं ते वेगळंच. भाकरी थापतानाही तुझी नजर त्या चित्राकडे! तिच्या तिथीला वडील हार आणायचे, तू तो शेजारच्या खुंटीला अडकवायचीस. मला वाटायचं, हिच्या लेखी अक्का मेलीच नाही, मी आपला नुसता बसवायला होतो. मॅट्रिक होताच घर सोडलं ते याच रागानं. दुष्काळाच्या सालीही फिरकलो नाही. तुला कळलं होतं का गं?

काल हार घेऊन स्टुलावर चढलो, तर मावशी ओरडली, "उतर खाली! जित्त्या लेकराच्या तोंडाला हार घालतेत का? तुही मायच म्हन्ली व्हती, नाव अक्काचं हाये, पन तोंड माह्या बाबूचं हाये."

मग मी ते चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. हनुवटीवर उखळ लागल्याचा माझा व्रण आहे. चाँदभाईंनी बाकी सगळं गोड करून टाकलं, तेवढा ठेवला. तूच ठेवायला लावला असशील. मी गेल्यावर तुझ्याजवळ माझं तेवढंच तोंड उरलं होतं, आणि मी खुळा मेलेल्या बहिणीवर जळत राहिलो! एकदा तरी सांगायचं होतंस, माय.

चित्र जालन्याला नेतोय. त्याला हार घालणार नाही, हा शब्द. पोरांना सांगून ठेवीन, मी गेल्यावर घाला. एकच घाला, आम्हा दोघांना पुरेल.

तुझा,
बाबू