बाळाच्या पाण्याची तपेली

आई,

नातीला सातवा महिना लागलाय. काल ती नगरच्या दुकानातून बाळाच्या सामानाची छापील यादी घेऊन आली आणि माझ्या हातात पेन्सिल देऊन म्हणाली, "आजी, तू खुणा कर. लागेल तेवढंच घेऊ, बाकीचं काढून टाकू." तू गेलीस तेव्हा मला सहीपुरतीच अक्षरं येत होती. पुढे माझा नवरा गेला, घर रिकामं झालं, तेव्हा अंकलिपी आणून मी वाचायला शिकले; किराणाच्या पुड्यांचे कागदसुद्धा सोडले नाहीत. म्हणून ही यादी माझी मीच वाचली. गादी, मच्छरदाणी, ढकलगाडी, अंघोळीचा टब, दुपटी, बाटल्या. बाटल्यांच्या खालीच त्या वाफेवर उकळून काढायचं यंत्र. तिथे पेन्सिल थांबली.

तू माझ्यासाठी काढलेलं सामान आठवलं. दुष्काळाचं साल होतं, बहात्तर सरून त्र्याहत्तर लागलेलं. मी पहिलटकरीण म्हणून तुझ्याकडे आले होते. आबा जाऊन वर्ष झालेलं, घरात आपण दोघीच आणि दावणीला एक शेळी. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं कापड आपल्यात शिवत नाहीत, म्हणून तू आबांचं जुनं धोतर राखेच्या पाण्यात उकळून, फाडून, त्याची दुपटी आणि लंगोट केले होतेस. शेजारणीकडून मागून आणलेली कुंची, गुटीची सहाण आणि एक वाटी-चमचा. सगळं एका सुपात मावलं. "येवढ्यात लेकरू वाढतंय," तू म्हणालीस, "बाकीची समदी हौस."

हौस मला होती. मुलगी झाली आणि महिन्याभरात माझं दूध कमी पडायला लागलं. तू रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचीस आणि तिथे मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून मला आणायचीस, तरी पुरत नव्हतं. शेळीचं दूध पाणी घालून वाटीने पाजायचं तू ठरवलंस. मी मात्र नवऱ्याला निरोप धाडून बाटली मागवली. तो श्रीरामपूरला वखारीत कामाला होता. पुढच्या खेपेला घेऊन आला. तू ती उलटीसुलटी करून बघितलीस. "हे काय सोंग? वाटी घासता येती. हिच्यात माझं बोटबी जात न्हाई." मी म्हणाले, "शहरात समद्या बाटलीच देत्यात. तू कवा बघितलंस श्रीरामपूर?" तुला ते लागलं, दिसलं मला. "बरं बाई," एवढंच बोललीस. मग जरा वेळानं, "पन पानी उकळूनच घालायचं. येवढं तरी ऐक माजं."

तेव्हापासून तू पहाटे कामावर जाण्याआधी टँकरचं पाणी पितळी तपेलीत खळखळून उकळतेस, वर ताट झाकतेस, ताटावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवतेस. ते पाणी फक्त बाळाचं. आपण दोघी रांजणातलं तसंच पितो. घरटी दोन हंडे पाणी मिळतं, अंघोळ आठवड्यातून एकदा, तीही ओल्या फडक्याने.

त्या दिवशी नवरा दुपारच्या एसटीने येणार होता. माझ्या केसांना तीन आठवडे पाणी लागलं नव्हतं, डोक्याला वास येत होता. रांजणातलं पाणी गार, त्याने डोक्याचा मळ निघाला नसता. तपेलीतलं पाणी अजून कोमट होतं. मी वरवंटा उतरवला, ताट काढलं आणि त्या पाण्याने केस धुतले. मग तेवढंच पाणी रांजणातून तपेलीत भरलं, आधी होतं तिथपर्यंत, आणि ताट, वरवंटा सगळं जागच्या जागी ठेवलं. नंतर उकळू म्हटलं. पण जळणाच्या तुरकाठ्या भाकरीपुरत्याच होत्या, आणि तेवढ्यात तो आला, मागोमाग तू आलीस.

बाळ रडायला लागलं. तू खडीच्या धुळीचे हात धुतलेस, शेळी पिळलीस, तपेलीवरचं ताट काढलंस. मी चार हात लांब बसले होते, ओले केस पदराखाली. तू बाटलीत पाणी ओतताना मी बघत होते. बोलायला एक क्षण पुरला असता. पण तो समोर बसला होता, आणि लेकराचं पाणी केसांना घातलं हे त्याच्यादेखत सांगायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून तालुक्याला नेताना ती रस्त्यातच गप्प झाली. डॉक्टरांनी हात लावला आणि पाणी कुठलं म्हणून विचारलं. नवरा तुझ्याकडे वळला. "मामी, पानी उकळलं न्हवतं का?"

"उकळलं व्हतं. पहाटंच. म्या सोता."

सासूबाई भेटायला आल्या तेव्हा चार बायकांत म्हणाल्या, "इहीनबाई, दोन महिन्यांचा जीव तुमास्नी संबाळता आला न्हाई." तू मान खाली घातलीस. मी भिंतीला टेकून बसले होते. सगळ्यांना वाटलं, दुःखाने माझी वाचा गेली.

टँकरच्या पाण्याने त्या महिन्यात गावात आणखीही लेकरं आजारी होती. बाटलीच्या बुचातली घाणही असेल. हे मी मला कितीदा तरी सांगून बघितलं आहे.

पुढे थोरल्या मुलाच्या वेळी मी परत तुझ्याकडेच आले. तू चुलीपुढे बसलेली, तपेलीत मोठाले बुडबुडे, आणि तू मला हाक मारतेस, "आगं, उकळी आली न्हवं? तूच बघ. माज्या डोळ्यांचा मला भरवसा न्हाई." रोज विचारायचीस. मी रोज येऊन बघायचे आणि "व्हय, आली" म्हणायचे. शेवटच्या आजारपणात तू आपणहून बोललीस, "त्या दिशी म्या इसरलेच आसंन गं." मी तुझा हात धरला आणि म्हणाले, "जाऊ दे आई, झालं ते झालं." तू डोळे मिटलेस. तुला माफ केल्यासारखं बोलले मी.

काल पेन्सिल थांबलेली नातीला दिसली. "काय गं आजी? यंत्र नको?" मी म्हणाले, "ते आधी घे. माझी आई एकदा पाणी उकळायला विसरली होती." ती म्हणाली, "बिचारी." मी पुढच्या ओळीवर गेले.

हे सगळं त्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आहे. नात चार वाजता यादी न्यायला येईल. लिहायला बसले तेव्हा मनात होतं, कागद तसाच तिच्या हातात द्यावा. पण यादी मी दुसऱ्या कागदावर उतरवून घेतली आहे.