पाणी दिलेली दांडी

१ डिसेंबर, सोमवार
लिहायचं लिहायचं म्हणून दिवाळीपासून टाळतोय. पेन नाही, मग वेळ नाही, मग मूड नाही. आज काहीच कारण सापडेना.

अक्कलकोट रोडच्या लॅबमध्ये अजून टिकलोय, हीच मोठी बातमी. आयटीआय अर्धा, गोवा, हैदराबाद, टाईल्सचं दुकान, एक सीझन आकाशपाळण्यावर तिकिटं फाडली, आणि आता हे. काम तसं सोपं. लोखंडाचा तुकडा मशीनच्या दोन जबड्यांत धरायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा. किती जोर लागला, तुटायच्या आधी किती लांबला, ते लॅबच्या म्याडमना सांगायचं. मला तुटण्यापेक्षा त्याच्या आधीचं बघायला आवडतं. सळई मधेच बारीक होत जाते, कंबर येते तिला. मग जाते.

आज रशीदचाचा आले. आकाशपाळणा त्यांचाच. शनिवारपासून अक्कलकोटकडच्या एका गावात जत्रा, आणि यंदा परवानगीला लॅबचा रिपोर्ट मागितलाय. बसायचे पाळणे ज्या दांड्यांना लोंबकळतात त्यातली एक आणलीय. गेल्या साली जुन्या दांड्या वाकल्या म्हणून यंदा सगळ्या नव्या केल्या. केल्या कुणी, तर आमच्या काकानं! करकंबला काकाचा भाता आहे, काका घडवतो, काकू घण मारते. मला दोघांनीच वाढवलं. चाचा म्हणाले, "तेरे काका का लोहा है पम्या. तेरी मशीन टूटेगी, ये नै टूटेगा."
छाती फुगली माझी. खोटं कशाला लिहू.

२ डिसेंबर, मंगळवार


सकाळी लेथवाल्या अण्णानं शिव्या घातल्या, काय आणलंस म्हणून. दांडीचा नमुना कातताना हत्यार बोथट झालं त्याचं. कानस लावली तर नुसती घसरत होती. मला वाटलं वा, काकाचं काम.

चाचा स्वतः उभे होते. आकडा चढत गेला. रोजच्या सळईचा आकडा मागे पडला, तरी चढतोच. चाचा हसत होते, मी पण. मी वाट बघत होतो कंबर यायची. आलीच नाही. एकदम बंदूक उडाल्यासारखा आवाज. मी खाली बसलो होतो हे मला नंतर कळलं.

चाचांनी आकड्याचा फोटो काढला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेले. काकाला तिथूनच फोन लावला, उस्ताद, तुमची दांडी बाजारातल्या दांडीच्या वर गेली.

मग तुकडे काढले. तुटलेलं तोंड सपाट, खडीसाखरेसारखं चमकणारं. दोन्ही तुकडे जोडून म्याडमनी खुणांमधलं अंतर मोजलं. जेवढं आधी, जवळपास तेवढंच. जोडून धरली तर दांडी तुटलीच नाही असं वाटावं. म्याडम भवानी पेठेतल्या, विणकरांच्या घरातल्या, शांत बाई. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हे माणसांच्या डोक्यावर टांगायचं नाही."
मी म्हटलं, पण आकडा जास्त आला की.
म्हणाल्या, आकडा जास्त आहे, पण लांबायची ताकदच नाही तिच्यात. साधी दांडी आधी वाकते, लांबते, माणसाला कळतं. ही कळू देणार नाही. एक हिसका बसला की संपलं. हिला तापवून पाण्यात बुडवलंय का, विचार.

मला विचारायची गरजच नव्हती. कोयत्याला काका असंच पाणी देतो. लाल करायचं आणि चर्र. त्या वाफेचा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येईल.

जेवण गेलं नाही. शेजारच्या कारखान्याच्या गच्चीवर टॉवेल वाळत घातले होते, तेच बघत बसलो. एक हिरवा उडून रस्त्यावर पडला, तो आणून द्यायला गेलो, तिथल्या बायकांशी बोलत बसलो. परत आलो तर तुकडे टेबलावरच.

३ डिसेंबर, बुधवार
म्याडमनी रिपोर्ट दिला. वापरू नये, असं स्पष्ट लिहिलंय. परवानगीवाल्या ऑफिसलाही पाठवला. तिथले साहेब रजेवर, सोमवारी येणार. जत्रा शनिवारी!

म्याडमनी चाचांना फोन केला. त्यांना पटेना. म्हणाले, मी डोळ्यांनी आकडा बघितला, फोटो आहे माझ्याकडं, आता उलटं काय सांगता. मग मी फोन घेतला. चाचा वाईट माणूस नाही. मला एक सीझन जेवू घातलंय त्यांनी, ताप आला तेव्हा स्वतःच्या तंबूत झोपवलं. पण त्यांचं म्हणणं एकच. लोखंड कुणाला कळतं, दोन महिन्यांच्या पम्याला का लोहाराला? "तेरा काका बोला, तो मैं आज उतारतूं. तू बोला तो नै."

म्हणजे काकालाच म्हणायला लावायचं, माझं काम चुकलं म्हणून.

संध्याकाळी काकाला फोन लावला. आवाजातच गावभर सांगून झालेलं कळत होतं. मी सगळं सांगितलं, चाचांना तूच फोन कर हेही. आधी हळू, मग भरभर.  मग म्हणाला, दांड्या ट्रकच्या जुन्या एक्सलच्या हायत, चांगला माल. पाणी दिलंय, व्हय. आणि मग जे म्हणाला ते डोक्यातून जाईना.
"बारकी पोरं बसत्यात त्यात. म्हणून जास्तीचं पाणी दिलं मी. पैसं न्हाय घेतलं त्याचं."
मी म्हटलं, काका, त्यानंच ती काचेसारखी झालीय.
"तू कुटं चार महिनं टिकला न्हाईस, अन् माझ्या पाण्याला नावं ठेवतोस व्हय?"
ठेवला फोन. नंतर उचललाच नाही.

काकानं बिनपाण्याचं दिलं असतं तर बरं झालं असतं. आळस केला असता, फसवलं असतं तरी चाललं असतं. जीव लावून केलं आणि

नाही लिहवत.

५ डिसेंबर, शुक्रवार
काल काही लिहिलं नाही. काल काही केलंही नाही.

आज दोन्ही तुकडे पिशवीत टाकून गाडीवरून जत्रेच्या मैदानात गेलो. वाटेत कुस्तीची माती भिजवत होते तिथं थांबलो. का थांबलो माहीत नाही, घाई होती. कदाचित म्हणूनच.

पाळणा उभा आहे.  सगळ्या दांड्यांना लाल-पिवळा रंग दिलाय, नवाकोरा. कुठली किती कडक, वरून काही ओळखू येत नाही. वाळूची पोती ठेवून फिरवून बघत होते. गावातली पोरं आत्ताच कठड्याला लटकून, मालक कधी चालू, कधी चालू.

चाचांसमोर तुकडे ठेवले. बघ चाचा, वाकली का कुठं? त्यांनी हातात घेतले, जोडले, परत जोडले. चेहरा जरा उतरला. मग पोत्यांकडं बोट केलं. पोती बसल्यात ना रे, काय झालं? मी म्हटलं, पोती उड्या मारत नाहीत.  मग म्हणाले, एवढ्या दांड्या रातोरात कुठून आणू, सगळा हंगाम याच्यावर. आणि परत तेच. उस्ताद का फोन लगा के दे.

लावला. काकानं उचलला नाही.

चहा पाजला त्यांनी मला. मी पिलो. का पिलो!

६ डिसेंबर, शनिवार
लवकर येऊन लॅब उघडलीय. म्याडम पोलीस पाटलाला घेऊन थेट मैदानात जाणार आहेत, वाटेत आहेत. चाचा ऐकतील का नाही देव जाणे. जत्रेला चार वाजता नारळ.

काकाला पहाटेपासून लावतोय. आता तर वाजला की कापतोय.

नंतर
हे लिहितोय तेव्हा ती समोरच्या बाकावर बसून पाणी पितेय. काकू. एकटी! करकंबहून पहिल्या एसटीनं, पत्ता विचारत विचारत. काकाशिवाय तालुक्यापलीकडं गेलेली मला आठवत नाही. शेजारी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं लांब काहीतरी.

विचारलं तर म्हणाली, काकाला सांगितलं न्हाय, भैनीकडं निघाले म्हणून आले. दोन दिस जेवला न्हाय त्यो. भात्यापाशी नुसता बसून हाय.
मग फडकं सोडलं. दांडी. त्याच मालातली उरलेली एक.
"हिच्यावर घण मी मारलाय," म्हणाली. "लाव तुझ्या मशीनला. माझ्या म्होरं तोड. मग मी लावते त्याला फोन."