जिना मोकळा केल्याची हकिगत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही बरे असालच. नसता तेव्हा तू फोन करतेस. दाजींची पाठ कशी आहे? खुर्ची बदलून काही होणार नाही, बसणं कमी करायला हवं, असं तुझी भावजय म्हणते. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.)

तुझं पत्र मिळालं. अप्पांना मी वरच्या मजल्यावर कोंडून ठेवलं आहे, हे वाक्य तू दोनदा लिहिलं आहेस. एकदा लिहिलं असतंस तरी लागलं असतं. आपलं ठरलेलं माझ्या लक्षात आहे: महिनाअखेरपर्यंत अप्पा आपल्या पायांनी खाली आले तर ते इथे राहतील, नाहीतर दाजी गाडी घेऊन येतील आणि त्यांना तुझ्या तळमजल्यावर नेतील. जिन्यावरच्या कार्पेटच्या फाटक्या कडेत त्यांचा अंगठा अडकला आणि ते पडले, त्याला बरेच महिने झाले. हाड मोडलं नाही, पण उतरणं मोडलं ते मोडलंच. म्हणून मी कार्पेट काढायला घेतलं.

ते अप्पांनीच बसवलेलं. आपण जिन्यावरून धावायचो आणि आईची दुपारची झोप मोडायची, त्यावरचा तो उपाय. (आपण धावायचं थांबलो नाही. आवाज थांबला.) तेव्हा ते लाल होतं. आता त्याला रंग म्हणता येणार नाही, आणि पाय पडतात तिथे नुसती सुतळीची जाळी उरली होती. काढायचं म्हटल्यावर अप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, की बसवताना आपण वरून खाली आलो होतो, तेव्हा काढताना खालून वर यायचं. कुठलंही काम उलट क्रमानं केलं की आपोआप उलटतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. तुझ्यातही ती आली आहे, पण तो विषय वेगळा.

मी रजा टाकली. भावजय म्हणाली, सुताराला बोलव. मी म्हणालो, त्याला सुतार कशाला? (लग्नापासून हा संवाद आमच्यात चालू आहे, फक्त कारागीर बदलतो.) ती कामावर गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली, चपला दाराशी काढल्या, पक्कड पुढे लागेल म्हणून टेबलावर ठेवली आणि तळच्या पायरीपासून सुरुवात केली. कड धरायची, ओढायची, गुंडाळायची, एक पायरी वर सरकायचं. वाळू निघाली, केसांच्या पिना निघाल्या, एक निळी गोटी निघाली. (ती तुझी नाही.) अप्पा वर खुर्ची टाकून बसले होते आणि दर पायरीला ‘हं’ म्हणत होते. मला ती शाबासकी वाटली.

वर पोचलो. एवढी मोठी गुंडाळी आणि इतकी धूळ पुन्हा घरातून खाली कशाला न्यायची, म्हणून ती मागच्या खिडकीतून अंगणात टाकली. आपल्या शेजारच्या दुर्बीणबाईंनी पडदा सरकवून पाहिलं, आणि गुंडाळी साधारण माणसाएवढी असल्यामुळे पुन्हा एकदा नीट पाहिलं. मी हात हलवला आणि जिन्याकडे वळलो.

कार्पेट हलू नये म्हणून पायऱ्यांवर लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात आणि त्यांच्यातून बारीक खिळे टोकं वर करून उभे असतात. सगळं जग पायरीला एक पट्टी ठोकतं. अप्पांनी तीन-तीन ठोकल्या होत्या. चढताना माझे गुडघे सतत पुढच्या पायरीच्या कार्पेटवर होते, त्यामुळे मागे काय उगवतंय ते मला दिसलं नाही. आता जिन्यावर पाय टेकायला जागा नव्हती. चपला खाली, पक्कड खाली, फोन खाली, जेवण खाली. वर मी अनवाणी, आणि अप्पा. आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, दर पायरीला सांगत होतो.

प्रयत्न केले. अप्पांचे बूट माझ्या टाचेशी थांबतात. पायांना उशा बांधून एक पायरी उतरलो आणि कठड्याला धरून परत आलो. गादी पसरावी म्हटलं, तर अप्पांनी गादी सोडली नाही. ते तिच्यावर जाऊन आडवे झाले. मग मीही त्यांच्या पायथ्याशी बसलो. आईबद्दल बोललो, तुझ्याबद्दल बोललो. (वाईट नाही.) इतका वेळ त्यांच्याजवळ मी कित्येक महिन्यांत बसलो नव्हतो. ताट ठेवायचं, ताट न्यायचं, एवढंच चाललं होतं. हे मी तुला का सांगतो आहे, ते माहीत नाही.

दुपार टळायला लागली तशी अप्पांना भूक लागली. ते उठले, बूट माझ्याकडून घेतले, नाड्या बांधल्या आणि कठडा धरून निघाले. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची. बुटांखाली खिळे करकरत होते. त्यांनी मागे पाहिलं नाही. स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. मी वरून म्हटलं, अप्पा, माझ्या चपला तेवढ्या फेका.

“घाई करू नकोस,” खालून उत्तर आलं. “तुझं ताट वर आणून देतो.”

आणलं नाही. जेवून ते बाहेरच्या खोलीत खुर्चीतच झोपले. संध्याकाळी भावजय आली तेव्हा कडी त्यांनी काढली. ती थोडा वेळ दारातच उभी राहिली म्हणे. मग मी कुठे आहे, असं तिनं विचारलं.

“वर आहे,” अप्पा म्हणाले. “जिना उतरायला घाबरतो.”

दोघांनी आधी चहा घेतला. नंतर चपला आल्या.

आता पट्ट्या उपटून झाल्या आहेत. सुतारानं उपटल्या. अप्पा महिनाअखेरच्या आत, आपल्या पायांनी, साक्षीदारासमोर खाली आले आहेत. दाजींना गाडी काढू देऊ नकोस, त्यांच्या पाठीलाही ते बरं.

लोभ आहेच, वाढवायचं काही कारण दिसत नाही.

तुझा धाकटा

ता. क. अप्पांनी हे पत्र वाचलं आणि एक दुरुस्ती सांगितली. आपण जिन्याला कधीच घाबरत नव्हतो, असं ते म्हणतात. पडल्यावर चार दिवस ताट वर आलं, मग येतच राहिलं. “खाली या, असं कुणी म्हणेना. मला वाटलं, तुम्हाला मी वरच बरा.” हे मी खोडणार होतो. खोडलं नाही.

ता. क. २. तुझंही पत्र त्यांनी वाचलं. आपण दोघांनी अट ठरवताना त्यांना विचारलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. आता त्यांनीही मला न विचारता ठरवलं आहे: सोमवारच्या बसनं, एकटे, ते तुझ्याकडे येत आहेत. परत कधी, ते सांगत नाहीत. पिशवी भरून झाली आहे.

ता. क. ३. पत्र लिहायचं खरं कारण आता हेच. त्यांना सगळ्यांच्यात बसव, बाजारात पाठव, त्यांच्याशी भांड. त्यांना तिथे करमावं अशी माझी इच्छा आहे. फार करमू देऊ नकोस.