डाव्या मागच्या चाकाचा माणूस

ता. ८ फेब्रुवारी १९३२, कारंजा

मुंबईहून मूर्तिजापूरमार्गे काल घरी. कॅनडाहून मोटारींच्या पेट्या आणणारं जहाज लांबलं, म्हणून मुंबईची मोटारी जोडायची शेड बंद. पेट्या आल्या की तार करतील म्हणे. तोवर बिनपगारी सुटी.

बाबा स्टेशनावर हजर. टांगेवाल्याला सांगत होते, "हा माहा वासुदेव. मुंबईले मोटारी बनवते." टांगेवाल्याने ट्रंक उचलायच्या आधी मला रामराम घातला. मी रामराम परत केला. पहिल्याच सुटीत खरं बोललो असतो तर हसून विषय संपला असता. आता फार लोकांना सांगून झालंय.

ता. ९

निदान इथे तरी लिहून ठेवावं. साखळीवर मोटार सरकत येते. मी डावं मागचं चाक चढवतो, नट आवळतो. मोटार पुढे जाते. उजवं मागचं पलीकडचा गोवेकर चढवतो. बस. इंजिनावरचं झाकण मी आजवर उघडलेलं नाही.

साहेबाच्या खोलीत जगाचा नकाशा आहे. कंपनीचे कारखाने जिथे जिथे, तिथे टाचण्या. अमेरिका, विलायत, जर्मनी, जपान, आणखी कुठे कुठे. साहेब एकदा म्हणाला, यातल्या प्रत्येक ठिकाणी तुझ्यासारखा एकजण हेच चाक चढवतो आहे. तेव्हा छाती फुगली होती माझी, गाढवासारखी.

जेवताना बाबांनी विचारलं, "पुरी मोटार कोन बनवते मंग?"

म्हटलं, कोणीच नाही. ज्याला त्याला आपला तुकडा.

"मंग उभी कशी राह्यते?" आणि मायकडे बघून हसले. "लपवून राह्यला. कंपनीचा हुकूम असन."

ता. १२

जिनिंगवाल्या शेठनी मोटार आणली. मोटार म्हणजे नुसता सांगाडा: चाकं, इंजिन, चालकापुरती फळी. वरचं लाकडी घर इथेच बांधायचं. कारंजा ते मंगरूळ सर्व्हिस काढणार आहेत. घर बांधायचं काम बाबांना. अकोल्याचे सुतार सोडून बैलांच्या बंड्या बनवणाऱ्या माणसाला काहून, तर पोरगा त्याच कंपनीत! बाबांचे पाय जमिनीवर नाहीत.

डाव्या मागच्या चाकापाशी जाऊन उभा राहिलो. मीच चढवलेलं असू शकेल. नट घट्ट होते. तेवढं मला कळतं.

ता. १५

आज ते झालं. शेठना मागे आणखी दोन बाकं हवीत, मोटार लांब हवी. बाबा सुतळी धरून बराच वेळ मागच्या चाकांपाशी उभे. मग सगळ्यांसमोर मला, "वासू, बंडीत मांगं भार झाला का जू उचलते, बैलाच्या गयाले फास बसते. बंडी उलार होते. तुही मोटार नाई होत का उलार?"

मला माहीत नव्हतं. तीन शब्द होते बोलायचे. शेठ बघत होते, चालक कादरमियाँ बघत होते, दोन्ही बाजूंचे दुकानदारसुद्धा.

मी म्हणालो, "बाबा, मोटारीला बैल नसतात." सगळे हसले. बाबासुद्धा. सुतळी मागच्या चाकांच्या आणखी मागे सरकली.

ता. १६

मुंबईला फोरमनसाहेबाला पत्र टाकून विचारावं असं सकाळपासून मनात. पण तो विचारेल, तू कोण, आणि तुला कशाला हवं? एवढ्यासाठी लाजलो. पत्र टाकलं नाही. बाबांनी सागवान चिरायला घेतलंय.

ता. २७

मोटार तयार. हिरवा रंग, दोन्ही बाजूंना कमळं. देखणी झाली आहे, हे म्हणायलाच हवं. बाबांनी एक सांधा ढिला ठेवलेला नाही. नारळ फुटला, पेढे वाटले. बाबा ज्याला त्याला, "लाकूड माहं, अक्कल पोराची." मी चप्पल शोधायच्या निमित्ताने घरात आलो.

ता. ४ मार्च

चार-पाच दिवस मोटार अर्धी रिकामी धावली, काही झालं नाही. मी निवांत झोपायला लागलो होतो.

आज शेलूबाजारचा बाजार. मागची बाकं गच्च, त्यांच्यामागे मिरच्यांची पोती. नाल्याअलीकडच्या चढावर मोटारीचं तोंड हलकं झालं. कादरमियाँनी चक्र फिरवलं, मोटार वळलीच नाही. सरळ वावरात, आणि आडवी. कादरमियाँचा उजवा हात मोडला. एका म्हातारीच्या कपाळाला टाके. मेलं कोणी नाही. हे वाक्य दिवसभर घोकतोय, जणू माझ्यामुळेच कोणी मेलं नाही.

दवाखान्यात कादरमियाँ एवढंच म्हणाले, "इष्टेरिंग हवेत गेल्यावानी झालं, भाऊ."

उलार.

ता. ५

शेठच्या गादीवर बोलावणं. बाबा आणि मी. बाहेर ही गर्दी. शेठ म्हणाले, "तुळशीराम, मोटारीची बंडी केली तू. माप कोनाचं?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण बाबा आधी बोलले.

"माप माहं. पोरानं मांगून घरी मना केलं होतं, मी आयकलं नाई."

जिथे लाकूड माझं, अक्कल पोराची म्हणत हिंडले, त्याच बाजारात. खाली मान घालून. मी बाजूला उभा, उघडलेलं तोंड मिटून.

ता. ६

किन्हीराजा गावचा एक पाटील आज नव्या बंडीचं काम काढून घेऊन गेला. बाबांनी बाभळीचं लाकूड स्वतः त्याच्या गाडीत चढवून दिलं.  मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी म्हटलं, बाबा, मी शेठना खरं सांगतो.

"काय सांगशीन? का तुले काई येत नाई?" पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. म्हणजे कळलंय त्यांना. केव्हापासून, कोण जाणे. "माह्या हाताले काम नाई भेटलं तं मी खुरप्याच्या मुठी करन. तुही पत गेली तं तू काय करशीन?"

माय चुलीपाशी रडत होती. मला बापाच्या तोंडाकडे बघवेना.

ता. ११

मुंबईहून तार. पेट्या आल्या, ताबडतोब या.

दुपारी शेठचा मुनीम. शेठ आणखी दोन मोटारी घेतायत, त्यांवरची घरं अकोल्याला बांधून घेणार. पण वासुदेवरावांनी मुंबई सोडून इथे मिस्त्री म्हणून राहावं. बापाच्या तोंडावरही खरं सांगणारा माणूस शेठना पाहिजे. असंच म्हणाला. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते.  उठून पाणी प्यायला गेले.

मुंबईला पळालो तर सगळं झाकलेलं राहील. बाबा मुठी करत राहतील. राहिलो तर अकोल्याहून आलेल्या मोटारीभोवती फिरून ठीक आहे म्हणायचं, पुन्हा. तिसरी वाट, खरं सांगायची, शेठच्या गादीपर्यंत जाते आणि तिथे बाबाही खोटे ठरतात.

ता. १२

कादरमियाँ आले होते, हात गळ्यात बांधलेला. मला आनंदाने मिठी मारली, एका हाताने. "हात सुधारला का मीच चालवतो नवी मोटार. तुमी पाहून ठीक हाय म्हनलं, का बसलो मी. मले दुसऱ्या कोनाचं आयकाचं नाई आता."

चहा घेतला, गेले. पोरीचं लग्न काढलंय म्हणाले.

सकाळची गाडी सुटते त्याच सुमारास शेठ गादीवर येऊन बसतात. ट्रंक अजून भरलेली नाही.