चढावरची टकटक

रविवार, संध्याकाळ

किल्ली टेबलावर पडली आहे. तिच्याकडे बघवत नाही.

बाबांच्या जुन्या टू-स्ट्रोक बाइकला जास्त ऑक्टेनचंच पेट्रोल लागतं. साधं घातलं की चढावर इंजिन नॉक करतं, आतून कुणी टकटक केल्यासारखं. काल ते मिळतं त्या पंपावर रांग होती आणि मला कंटाळा आला. स्वारगेटजवळ साधंच भरलं. घरी सांगितलं, "हो, तुमचंच घातलंय."

आज बाबा चालवत होते, मी मागे. कात्रजच्या चढावर टकटक सुरू झाली, अगदी स्पष्ट. बाबांनी मान जराशी वळवली. "वाजतंय का गं?"

"नाही हो बाबा, काही नाही."

का म्हणाले मी असं? एवढंसं तर कबूल करायचं होतं. त्यात हल्ली त्यांना स्वतःच्या कानांची धास्ती, हे मला माहीत असून.

घरी आल्यावर बाबांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "कान आता वाटेल ते सांगायला लागलेत. उद्या हॉर्न ऐकू यायचा नाही. गाडी तूच चालव."

तेव्हा तरी बोलायचं. मी "बरं" म्हणाले आणि किल्ली घेतली.