कोलेस्टेरॉल तीनशे चाळीस

४ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
चार दिवस हे पत्र टाळत होतो. माझं कोलेस्टेरॉल तीनशे चाळीस निघालं. सहा महिन्यांपूर्वी दोनशे नव्वद होतं. मधल्या काळात तळणाला शिवलो नाही, अंड्याचा बलकही सोडला, तरी वाढलंच. बाबा त्रेचाळिसाव्या वर्षी जिन्यात छाती धरून बसले, ते उठलेच नाहीत. मला मे महिन्यात त्रेचाळिसावं लागतंय.
डॉक्टरांनी गोळी दिली आहे. पण तेव्हापासून मांड्या इतक्या दुखतात की लिफ्ट दुरुस्तीला खालच्या खड्ड्यात उतरलो, की शिडीवरून वर येताना दोनदा थांबतो. हिला काही बोललेलो नाही. तूही बोलू नकोस. दाजींना नमस्कार.
तुझ्या मायेचा भुकेला,
धाकटा

११ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
बायकोपासून लपवतोस, पण तिचं पत्र तुझ्या आधी दोन दिवस येऊन पडलं होतं. जेवताना तू बसल्या बसल्या पेंगतोस, आवाज घोगरा झालाय, इतरांना घाम फुटतो तेव्हा तू स्वेटर घालून बसतोस, असं ती लिहिते. आणि मेन स्विच बंद न करताच लिफ्टच्या छतावर चढलास, जोडीदारानं ओढून खाली घेतलं, हेही तिला त्याच्याकडूनच कळलं. ते वाचलं आणि त्या दिवशीचं कापडाचं कटिंग दुसरीला दिलं.
आमच्या शिवणखात्यात काजं करणारी एक बाई आहे. तिचं अगदी असंच झालं होतं. वर्षभर बिचारी बिनतेलाचं खात होती आणि कोलेस्टेरॉल चढतच होतं. शेवटी थायरॉइड मंद असल्याचं निघालं. मी शिंपीण, डॉक्टर नव्हे. पण ती तपासणी करायची का, एवढं विचार. मांड्यांचं दुखणंही सांग. गोळी मात्र मनानं बंद करू नकोस. आणि तोवर त्या छतावर चढलास तर माझ्याशी गाठ आहे.
जीव टांगणीला लागलेली,
ताई

२ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझा अंदाज बरोबर निघाला. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “तुमचं थायरॉइड जवळजवळ झोपलंय.” ते मंदावलं की यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही, ते साचत जातं, असं त्यांनी समजावलं. अशात कोलेस्टेरॉलची गोळी काहींच्या स्नायूंना बाधते, म्हणून ती तूर्त थांबवली.
थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आहे. आधी हृदयाचा आलेख काढला, कारण ही गोळी एकदम जास्त दिली तर हृदयावर ताण येतो म्हणे. पहिल्या सकाळी गोळी तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बसलो होतो. शेवटी हिनं समोर बसून पाण्याचा पेला पुढे केला. गिळली. मग तासभर आपलीच नाडी मोजत होतो.
छतावरचं खरं आहे. स्विच बंद केला की नाही, मला आठवतच नव्हतं. सध्या खालीच बसून लिफ्टच्या मोटारी दुरुस्त करायचं काम मागून घेतलंय.
तुझ्या शब्दाबाहेर नसलेला,
धाकटा

२० सप्टेंबर
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
दोनशे आठ. तुझ्या पत्रातला तो आकडा मी तुझ्या दाजींना मोठ्यानं वाचून दाखवला आणि मग रडले. कोलेस्टेरॉलची गोळी पुन्हा लागेल की नाही ते डॉक्टरीणबाई ठरवतील. वाढदिवस सुखरूप पार पडला, हेच मला पुष्कळ.
एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेवटच्या वर्षी बाबांचा चेहरा सुजलेला असायचा. बोलणं संथ झालं होतं. आपण दोघं त्यांच्या चालण्याची नक्कल करायचो. आई त्यांना आळशी म्हणायची, एकदा मीही म्हणाले. त्यांचं रक्त कुणी तपासलं नाही. हेच होतं की दुसरं काही, आता कळायचं नाही.
ते मनातून जाईना, म्हणून सोमवारी मीच जाऊन रक्त देऊन आले. माझंही थायरॉइड मंद निघालंय, कोलेस्टेरॉल दोनशे सत्तर. उद्यापासून गोळी सुरू. तुला एवढं शहाणपण शिकवलं, पण स्वतःवर आलं तेव्हा घाबरले रे. घरी सगळं सांगितलं आहे, लपवलं नाही.
या वेळी धीर देणारं पत्र तू लिही, आणि लगेच लिही.
तुझी,
ताई