नोंदीतली अठ्ठाविसावी ओळ

प्रिय दादा,

तू गेल्यापासून आठ महिने मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलते आहे. पण आज कागद घेऊन बसावं लागलं, कारण उद्या सकाळी अकरा वाजता एक प्रूफ छापखान्यात जायचं आहे. त्यात एक ओळ आहे, अठ्ठाविसावी. तिचं काय करायचं ते तुला विचारल्याशिवाय मला ठरवता येत नाही. तू उत्तर देणार नाहीस हे कळतं रे मला. पण दुसऱ्या कोणाला विचारू?

आज रविवार. आमचे हे दुपारचं जेवण उरकून संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेले. आमच्या फणसवाडीतले बहुतेक पुरुष तिकडेच आहेत. लांबून "झालाच पाहिजे" ऐकू येतं आणि मी दचकते, जणू मलाच कोणी दटावतंय. चहाचं आधण दोनदा आटलं. तिसऱ्यांदा ठेवलंच नाही.

लग्नानंतर मी ठाकूरद्वारच्या ज्ञानकोशाच्या कचेरीत लागले, तेव्हा तू किती खूष झाला होतास! "आमची शालू पुस्तकं वाचत नाही, पुस्तकं बनवते," असं अख्ख्या चाळीला सांगत फिरलास. पुस्तकं कसली, आम्ही चिठ्ठ्या बनवतो. एकेका विषयाची एकेक चिठ्ठी, चिठ्ठीमागे छापील आधार, आणि किती ओळी लिहायच्या ते आमचे संपादक नाना आधीच ठरवून देतात. वाटाण्याला बारा, विंचवाला वीस. आधाराशिवाय एक शब्द लिहिला तर नाना तांबड्या शाईने समासात नुसता उभा प्रश्न, म्हणजे प्रश्नचिन्ह, काढतात. ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं.

चार महिन्यांपूर्वी विमान कंपन्यांच्या नोंदी निघाल्या आणि त्यातली एक माझ्या टेबलावर आली. तू जिथं फिटर होतास ती, तुझी कंपनी. तू तिला कधी नावानं हाक मारली नाहीस, घरात ती 'आमची कंपनी'च होती, म्हणून इथेही तेच लिहिते. चाळीस ओळी. कोणतंही काम हाती घेताना आम्हाला एका कागदावर सही करावी लागते, की या विषयाशी माझा व्यक्तिगत संबंध नाही. माझं आडनाव आता वेगळं. कोणाला काही ठाऊक नव्हतं. आणि मी सही केली दादा. तुझ्या कंपनीबद्दल दुसऱ्या कोणी लिहावं हे मला सहन झालं नसतं, म्हणून केली. तेव्हा ते प्रेमच वाटलं.

चाळीस ओळींत काय बसवायचं? स्थापना कोणी केली ते हवं. पहिला मार्ग हवा. विमानं कोणत्या बनावटीची, टपालाचा ठेका कधी मिळाला, पुढे सरकारनं सगळ्या खासगी कंपन्या एकत्र केल्या तेव्हा हिचं काय झालं, हे सगळं हवं. प्रवाशांना थर्मासमधून कॉफी मिळायची, ते मी घातलं आणि मीच काढलं. जुहूच्या वर्कशॉपमधले निम्मे फिटर लालबाग-परळच्या गिरण्यांतून आलेले होते, हे मात्र मी मोठ्या हौसेनं घातलं होतं. नानांनी त्यावर उभा प्रश्न काढला. "आधार काय, बाई?" माझ्या भावाचे हात, हे कसं सांगणार? ती ओळ गेली.

आमच्या छापखान्यातल्या गावड्यांची तर वेगळीच तऱ्हा. कंपनीचं मुख्य ठिकाण मी 'मुंबई' एवढंच लिहिलं, तर ते स्वतःच्या मनानं 'मुंबई, महाराष्ट्र' असं जुळवून पाठवतात. नाना खोडतात, पुढच्या प्रुफात ते पुन्हा हजर. परवा नानांनी त्यांना बोलावून घेतलं. "गावडे, महाराष्ट्र अजून झालेला नाही. कोशात जे आहे ते छापायचं, व्हावंसं वाटतं ते नाही." गावडे म्हणाले, "नाना, तुमचा खंड बाहेर पडेस्तोवर झालेला असतोय बघा." सगळे हसले. मलाच हसू येईना, कारण माझ्या प्रुफात जे झालेलं आहे तेच छापायचं राहून गेलं होतं.

आता ती अठ्ठाविसावी ओळ. "वैमानिकाच्या चुकीमुळे कंपनीचे टपालाचे विमान घाटात कोसळून दोघे मृत्युमुखी पडले." माझ्याकडच्या कात्रणात असं होतं, की वैमानिकाची चूक झाली असावी असा चौकशीचा निष्कर्ष आहे. मजकूर एका ओळीनं जास्त होत होता. मी 'असावी' काढलं, 'चौकशीचा निष्कर्ष' काढला. नोंद बरोब्बर चाळीस ओळींची झाली आणि नाना पहिल्यांदाच मला "छान" म्हणाले. घरी येऊन मी भाकऱ्या थापत होते आणि एकाएकी हात थांबले. ही चूक कोणाची, हे जगात एकट्या मला ठाऊक आहे, हे माझ्या ध्यानात आलं. इतके दिवस मी ते कुठे टाकून दिलं होतं कोण जाणे.

तुला ती खंडेनवमी आठवते का? तू कंपनी सोडून पुन्हा गिरणीत लागला होतास. चाळीत घरोघर पाटावर हत्यारं मांडलेली, हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि तू तुझी पेटी खाटेखालून काढेनास. आई हैराण. "अरे, हत्यारां पुजूक नको? तुका झाला तरी काय?" शेजारचे म्हणाले, लाल बावट्याचा वारा लागला. तू गॅलरीत जाऊन उभा राहिलास. मी तुझ्यासाठी पाणी घेऊन आले तर तू माझ्या हातातला तांब्या धरून ठेवलास आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलंस.

की अशाच एका खंडेनवमीला जुहूच्या वर्कशॉपात तुम्ही गिरणीवाल्यांनी पेट्या पुजल्या होत्या. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हात लावायचा नाही, हा आपला रिवाज. आणि दुपारी टपालाचं विमान आलं, पेट्रोलच्या नळीतून ठिपकतंय म्हणून. नट आवळायचा होता, पाच मिनिटांचं काम. तू तुझ्या पेटीकडे पाहिलंस, फुलं पाहिलीस, आणि पिंटोच्या पेटीतला पाना उचललास. पिंटो किरिस्ताव, त्याची पेटी पूजेत नव्हती. पण पिंटो इंग्रजी विमानांवर काम करणारा, त्याचे पाने इंग्रजी मापाचे, आणि हे विमान अमेरिकेचं. पाना नटावर बसला, पण केसभर सैल. "हाताला घट्ट लागला गं शालू," तू म्हणालास, "माझ्या हातानं मला फसवलं." दुसऱ्या दिवशी ते विमान घाटात पडलं. जळून गेलं, नळीही नाही आणि नटही नाही. कोणी तुला काही विचारलंच नाही. कॅप्टन गेलेला, बोलायला नव्हता, चूक त्याच्या नावावर पडली.

मी तुला काय म्हणाले होते? म्हणाले, कशावरून त्या नटामुळेच? धुकं असेल, इंजिन असेल. आजही मी तेच स्वतःला सांगून पाहते. खरंच, कशावरून? पण दादा, खात्री नसताना तू चांगली नोकरी सोडलीस, हत्यारं पुजायचं सोडलंस, शेवटच्या आजारात तापात नट आवळल्यासारखी बोटं हलवत राहिलास. तुला तरी कुठे खात्री होती?

मी एकदा तुझ्यावर रागावून घेऊ का? मला का सांगितलंस? मी तेव्हा कॉलेजात जाणारी मुलगी. पिंटोला सांगायचं, साहेबाला सांगायचं, देवाला सांगायचं होतंस. मला सांगून तू मोकळा झालास असंही नाही, आणि मी मात्र अडकले.

यातलं सगळ्यात वाईट अजून सांगितलेलं नाही. नोंदीत ज्याचा उल्लेख येतो, त्याच्या घरच्यांकडून माहिती तपासून घ्यायची आमची पद्धत आहे. कॅप्टनच्या पत्नी दादरला शाळेत शिकवतात. नोंदीचा मजकूर जोडून मीच त्यांना पत्र धाडलं, कचेरीच्या कागदावर, माझ्या सहीनं. नेहमीच्या सवयीनं धाडलं, विचारच केला नाही. त्यांचं उत्तर शुक्रवारी आलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं सरळ. लिहितात, "वर्तमानपत्रं रद्दीत गेली, म्हणून मी गप्प राहिले. तुमचा कोश रद्दीत जाणार नाही. तो माझ्या शाळेच्या कपाटात येईल आणि माझी मुलगी त्याच शाळेत आहे. तुम्हाला खात्री असेल तर जरूर छापा. एवढंच विचारते, तुम्हाला खात्री आहे का?"

मी ते पत्र ब्लाउजमध्ये घालून दोन दिवस फिरते आहे. कोणी दारावर थाप मारली की आधी ते आत सरकवते, मग कडी काढते.

काल धीर करून नानांच्या खोलीत गेले. म्हटलं, "नाना, समजा एखाद्या अपघाताचं खरं कारण कोणी घरी सांगितलेलं असेल, तर?"

"छापलंय कुठं?"

"नाही."

"सांगणारा माणूस?"

"वारला."

"मग तो आधार नव्हे." नानांनी चष्मा काढला. "पण ज्यानं ऐकलं तो जिवंत असेल तर त्यानं स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं. कोशात नसेना का, एखाद्या वर्तमानपत्रात छापावं. मग आपण त्याचा आधार घेऊ." चष्मा पुसत म्हणाले, "जिवंत आहे का, बाई?"

"विचारून सांगते," म्हटलं आणि बाहेर आले. कोणाला विचारणार होते मी?

आज सकाळी एक सोपी वाट दिसली. ती ओळ नुसती बदलायची. 'टपालाचे विमान घाटात कोसळून दोघे मृत्युमुखी पडले; कारण निश्चित झालेले नाही.' खोटं काही नाही. कॅप्टनवर आळ नाही, तुझं नाव नाही, लालबागला आईच्या भिंतीवर तुझा कंपनीच्या टोपीतला फोटो आहे तसा राहील, नळावर कोणी तिला टोचून बोलणार नाही. मी तसं लिहून काढलं आणि दहा मिनिटं इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मग डोळ्यांसमोर आलं, की खंड निघेल, दादरच्या त्या बाई तो उघडतील आणि मला आभाराचं पत्र लिहितील. त्याच सरळ अक्षरात. ते पत्र मी कोणत्या हातांनी घेऊ दादा?

म्हणजे ओळ बदलायची तर आहेच. ती उद्या अकराला बदललेलीच जाईल. आणि नानांना सांगायचं, की मी खोटी सही केली, हे माझ्या सख्ख्या भावाचं काम होतं. ते मला काढून टाकतील किंवा ठेवतील. पण ते सगळं अकरानंतरचं. त्याआधी एक काम आहे.

त्या दिवशी गॅलरीत तू आणखी एक गोष्ट सांगितली होतीस. ती मी आजवर मुद्दाम आठवत नव्हते. तू दोनदा दादरला गेला होतास. त्यांच्या घराचा पत्ता काढून, इस्त्रीचा सदरा घालून. जिन्यापर्यंत गेलास आणि परत आलास. "वर जायचं धाडस नाही झालं," म्हणालास. मी मान हलवली. सोबत येते, असं म्हणाले नाही. त्याची टोचणी मला तुझ्या चुकीहून जास्त लागली आहे.

म्हणून आता तुला वचन देते. उद्या सकाळी शाळा भरायच्या आधी मी दादरला जाईन. जिना चढून वर जाईन. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं तरी ऐन वेळी आठवणार नाही, याची भीती वाटते. बाई दार लावून घेतील, याचीही वाटते. आईला त्यानंतर मी स्वतः सांगेन, दुसऱ्या कोणी सांगायच्या आत. तुझी बाजू मांडणार नाही, धुक्याचं नाव काढणार नाही. तुझं पूर्ण नाव सांगेन, माझा भाऊ म्हणून सांगेन, आणि त्या जे काही बोलतील ते संपेपर्यंत तिथून उठणार नाही.

तुझीच,
शालू